अडीच किलो बर्फाएवढं लांब

लादीआत्याला किलोमीटरची भाषा कधी रुचली नाही. कोणी म्हणालं की अमुक गाव साठ किलोमीटरवर आहे, की ती कपाळाला आठी घालून विचारायची, "म्हणजे किती बर्फ?" तिच्या हिशेबात बाजार पाव लादीवर होता, मासळीचा धक्का अर्ध्या लादीवर, आणि दादाची सासुरवाडी उन्हाळ्यात दोन लाद्यांवर नि हिवाळ्यात एका. "माणसं तीच, पण थंडीत जवळची वाटतात," असं ती वहिनीच्या तोंडावर म्हणायची. वहिनीही हसायची, कारण लादीआत्याच्या जिभेपुढे रागावून आजवर कोणाचा निभाव लागला नव्हता.

एकतीस वर्षं तिने बर्फाचा कारखाना चालवला. वडील गेले तेव्हा तो खरं तर थोरल्या भावाकडे, म्हणजे दादाकडे जायचा. पण दादाला नुसतं दारात उभं राहिलं तरी शिंका यायच्या. मग हिने कंबर कसली. लोक म्हणाले, बाईमाणसाचं काम नाही हे. सहा महिन्यांनी तेच लोक भल्या पहाटे तिच्या दारात रांग लावून उभे राहिले. तिचे नियम दोनच होते. वाट जेवढी असेल तिच्या दुप्पट बर्फ भरायचा, आणि एकदा बंद केलेली पेटी मुक्कामाला पोचेपर्यंत उघडायची नाही. झाकण उचलून बघणाऱ्याचा बर्फ बघण्यातच संपतो, असं ती गाडीवाल्यांना दरडावायची. निम्मे गाडीवाले तिला घाबरत, आणि उरलेले निम्मे घाबरत नसल्याचं सोंग करत.

आता कारखाना विकून तीन वर्षं झाली होती, आणि रिकामपण तिला खात होतं. तेवढ्यात भाची, दादाची लेक, बाळंत झाली. मुलगा झाला, पण त्याच्या हृदयाला जन्मतःच भोक होतं. तिसऱ्या दिवशी खास विमानाने त्याला समुद्रापलीकडच्या मोठ्या शहरात, लहान मुलांच्या इस्पितळात हलवलं. जावई बाळाबरोबर गेला. भाचीचं पोट फाडून बाळंतपण झालेलं. तिला डॉक्टरांनी दोन आठवडे विमानात पाऊल टाकायला बंदी केली. इकडे आई, तिकडे लेकरू.

तिकडून रोज जावयाचा फोन यायचा, आणि रोज आकडा खाली यायचा. दोन किलो दोनशे चाळीस. दोन किलो एकशे ऐंशी. दोन किलो एकशे दहा. डब्याचं दूध बाळाला सोसत नव्हतं, पोटात गेलेलं सगळं बाहेर यायचं. तिथले सर्जन स्पष्ट म्हणाले होते, वजन उतरायचं थांबून चढायला लागेल तेव्हाच मी हात लावीन. आणि दूधखोलीतल्या नर्सने सांगितलं होतं की आईचं दूध गोठवून पाठवता आलं तर उत्तम. मात्र ते दगडासारखं गोठलेलं हवं. वाटेत वितळलं असेल तर एक थेंबही बाळाला देणार नाही.

भाचीने चार दिवस पंप लावून दूध काढलं. लहान लहान बाटल्या फ्रीजरमध्ये रांगेने गोठल्या. आता प्रश्न राहिला की न्यायचं कोणी आणि कसं.

दादाने फोनवर बोट फिरवलं. "चार हजार एकशे वीस किलोमीटर. पाच तास पंचवीस मिनिटं. म्हणजे सहा तास टिकेल अशी पेटी आणू, बाजारात मिळते."

"विमान पाच तासांचं आहे, दूध नाही," लादीआत्या म्हणाली. "इथला फ्रीजर ते तिथला फ्रीजर, मधे काय काय आहे ते मोज. घरातून विमानतळ, दीड तास. तिथे रांगा. विमान सुटेपर्यंत ताटकळत बसणं. मग तुझे ते पाच तास. मग पलीकडच्या रांगा, मग टॅक्सी. बारा तास होतात. बाराच्या दुप्पट चोवीस. मी चोवीस तासांची पेटी बांधणार, आणि मीच नेणार."

"तू? तू कधी विमानात बसली आहेस?"

"बर्फही नाही बसला. दोघं बसू."

तसं दुसरं कोणी जाण्यासारखं नव्हतंच. वहिनीला लेकीजवळून हलता येत नव्हतं. दादाकडे पासपोर्ट नव्हता. लादीआत्याकडे होता; आठ वर्षांपूर्वी बर्फाच्या यंत्रांचं प्रदर्शन बघायला जायचं म्हणून तिने काढला होता. प्रदर्शन राहिलं, पासपोर्ट उरला.

निघायच्या आधी ती भाचीच्या खाटेशी बसली. भाचीने तिचा हात धरला. "आत्या, किती लांब आहे गं तो?"

बाबांनी किलोमीटर सांगितले होते, नवऱ्याने तास सांगितले होते. तिला ते नको होतं, हे लादीआत्याला कळलं. पण या वाटेवर तिने कधी बर्फ पाठवला नव्हता, आणि माहीत नसलेलं सांगायची तिला सवय नव्हती.

"पोचले की सांगते," ती म्हणाली.

साधा बर्फ या कामाचा नव्हता. आइस्क्रीमच्या कारखान्यातल्या जुन्या ओळखीच्या माणसाकडून तिने कोरडा बर्फ आणला, ज्याला सगळे ड्राय आइस म्हणतात. विमान कंपनीने माणशी अडीच किलोंचीच परवानगी दिली. चांगल्या पेटीत चोवीस-पंचवीस तास पुरेल, असं तो ओळखीचा म्हणाला. पेटी तिने स्वतः बनवली, चारही बाजूंना जाड थर्माकोलचा दुहेरी थर देऊन. संध्याकाळी सात वाजता बाटल्या आत गेल्या, त्यांच्यावर बर्फ गेला, झाकण बसलं. वजनकाट्यावर आकडा आला नऊ किलो पाचशे. मग एकतीस वर्षांच्या सवयीने तिने चिकटपट्टी घेतली आणि झाकणाची फट चारही बाजूंनी दोन-दोन फेरे मारून बंद केली. हवा आत नाही की बाहेर नाही. काम फत्ते, असं ती स्वतःशीच म्हणाली.

विमानतळावर नऊ वाजता काउंटरवरच्या मुलीने परवानगीचा कागद वाचला, पेटी पाहिली आणि मान हलवली. "मावशी, ही अशी नाही नेता येणार."

"का? कागद आहे की."

"कागद बरोबर आहे, बांधणी चुकलीय. कोरड्या बर्फाची हवा होते. तिला बाहेर पडायला जागा हवी, नाहीतर पेटी फुटते. हे बघा, झाकण फुगलंय."

झाकण खरंच मधोमध टुम्म झालं होतं. लादीआत्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पेटी कशी बांधायची हे तिला शिकवणारं माणूस जन्माला यायचं होतं, आणि ते असं काउंटरमागे, तिच्या निम्म्याहून कमी वयाचं निघालं. साधा बर्फ कोंडला की टिकतो. तिने दुसरा बर्फ जन्मात हाताळलाच नव्हता. घरीच स्फोट झाला असता तर? तिने मुकाट्याने एका बाजूची पट्टी सोलली. फुस्स करून हवा बाहेर पडली.

"हवा होते म्हणजे, पाणी होत नाही?"

"थेंबभरही नाही. जेवढा बर्फ उडतो तेवढी पेटी हलकी होते."

लादीआत्या जागच्या जागी थबकली. साधा बर्फ वितळला तरी त्याचं पाणी पेटीतच राहतं, काट्याला काही कळत नाही. आत किती उरलाय हे बघायचं तर उघडण्यावाचून गत्यंतर नसतं. हा बर्फ मात्र आपलं दुखणं स्वतःच बोलून दाखवत होता.

"पोरी, ठेव बरं ती काट्यावर."

नऊ किलो तीनशे. सातला नऊ-पाचशे, नऊला नऊ-तीनशे. दोन तासांत दोनशे ग्रॅम. तिने तिकिटाच्या मागे लिहून ठेवलं आणि त्या मुलीच्या गालाला हात लावला. "आज तू मला शिकवलंस. मला शिकवणारी माणसं फार नाहीत हो."

"दिसतंच आहे," मुलगी हसून म्हणाली.

पुढे तपासणीवाल्याने तिचा लटकता पितळी काटा काढून घेतला, कारण त्याचा माल अडकवायचा हूक टोकदार होता. बापाच्या हातचा काटा. तिने तो परत येईपर्यंत जपून ठेवायला बजावलं, तपासणीवाल्याचं नाव लिहून घेतलं, आणि पेटी उराशी धरून विमानात चढली. मनगटावरचं घड्याळ तिने घरच्याच वेळेवर ठेवलं. पलीकडे घड्याळं अडीच तास पुढे आहेत म्हणे. असोत. बर्फाला परगावची वेळ कळत नाही.

शेजारी एक दातांचे डॉक्टर होते. भला माणूस, पण सल्ला दिल्याशिवाय त्यांचं जेवण पचत नसावं. विमान उडून स्थिर होईतो त्यांना पेटीची सगळी कथा ठाऊक झाली होती, आणि लादीआत्याच्या दोन दाढा काढायला हव्यात हे लादीआत्याला ठाऊक झालं होतं.

पहाटे वैमानिकाचा आवाज आला. पुढच्या शहरावर मोठं वादळ आहे, तिथे उतरता येत नाही, आपण दुसऱ्या विमानतळावर थांबतो आहोत. तिच्या घड्याळात पाच वाजता विमान भलत्याच गावी उतरलं. सगळ्यांना एका लांबलचक दालनात नेऊन बसवलं. बाहेर उजाडलं, लोक पेंगले, पोरं रडली. आठ वाजता कळलं की विमान तिच्या घड्याळाप्रमाणे एक वाजता सुटेल.

लादीआत्याने बोटांवर हिशेब केला. एकला सुटणार, तीनला उतरणार, इस्पितळात पोचायला पाच. संध्याकाळच्या सातपासून संध्याकाळचे पाच. बावीस तास.

तेवढ्यात दादाचा फोन आला. जावयाने त्याला वादळाची बातमी दिली होती, आणि दादाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. "अगं, उघडून बघ एकदा! बर्फ संपला असेल तर तिथला कुठलातरी भर."

"तिकडे कॅफे आहे," डॉक्टरांनी लगेच साथ धरली. "मी विचारून आलोय. हवा तेवढा बर्फ देतील बिचारे. आपण वरपर्यंत भरून टाकू."

"तो ओला बर्फ, डॉक्टर. हे दूध त्याच्यापेक्षा कितीतरी गार आहे. त्याच्याजवळ ठेवलं तर बर्फच दुधाला ऊब देईल."

"बरं, नका भरू. पण नुसतं आत बघितलं तर काय बिघडतं?"

"दात किडलाय का ते बघायला तुम्ही तो उपटून बघता का?"

डॉक्टरांनी हात वर केले. दादा मात्र मागे हटला नाही. "हा तुझा हट्ट आहे," तो म्हणाला. "कारखान्यातले नियम इथे चालवू नकोस. बाळाचा जीव आहे तो."

हे तिला लागलं. एकतीस वर्षांत दादाने तिच्या कामात कधी तोंड घातलं नव्हतं. क्षणभर तिचा हात पट्टीकडे गेलासुद्धा. बघून टाकावं, म्हणजे दादाही सुटेल आणि आपणही. पण आतली गार हवा एकदा बाहेर सांडली की ती गोळा करून परत भरता येत नाही, हे तिच्याइतकं त्या दालनात कोणालाच माहीत नव्हतं.

"जीव आहे म्हणूनच उघडत नाही," ती म्हणाली. "थांब. काट्याला विचारते."

ऐकावे जनाचे, करावे मनाचे. ती पेटी घेऊन विमानाकडे सोडतात त्या दाराजवळ गेली. तिथे हातातलं सामान तोलायचा काटा होता. तिने पेटी त्यावर ठेवली नाही. आधी डॉक्टरांच्या हातातली पाण्याची एक लिटरची न फोडलेली बाटली ठेवली.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आधी काटा तोलायचा, मग माल."

एक किलो वीस ग्रॅम. वीस ग्रॅम बाटलीचे, म्हणजे काटा प्रामाणिक होता. मग पेटी ठेवली. आकडा थोडा डुलला आणि थांबला. आठ किलो दोनशे.

तेरा तास झाले होते आणि तेराशे ग्रॅम उडाले होते. तासाला शंभर, ना कमी ना जास्त. आत बाराशे ग्रॅम उरले, म्हणजे अजून बारा तास. तिला हवे होते नऊ.

"दादा," ती फोनवर म्हणाली, "बर्फ आठ वाजेपर्यंत आहे. मी पाचला पोचते. आता जरा निजून घे, आणि शिंकू नकोस."

पण नंतरचे पाच तास तिने पेटी मांडीवरून खाली ठेवली नाही. डॉक्टरांनी आपलं जाकीट पेटीवर घालून दिलं, म्हणजे उन्हाची तिरीप लागायला नको. तेवढं बरोबर होतं. ते तिने काढलं नाही.

विमान एकला सुटलं, तीनला उतरलं, आणि तिच्या घड्याळात पाचला तीन मिनिटं कमी असताना लादीआत्या इस्पितळाच्या दूधखोलीत उभी होती. जावयाची दाढी वाढली होती आणि डोळे लाल होते. तो तिच्या पाया पडायला वाकला, तर ती म्हणाली, "आधी काम."

दूधखोलीची नर्स पोक्त बाई होती, कामाला चोख. तिने प्रवासाचे तास विचारले. बावीस म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. "बाई, इतका वेळ... आम्ही बघू, पण तुम्ही आशा धरू नका."

"उघडायच्या आधी वजन करा."

"दुधाचं?"

"पेटीचं."

तिथे एकच काटा होता, बाळांना तोलायचा. नर्सने त्याच्यावर स्वच्छ कापड अंथरलं आणि पेटी ठेवली. सात किलो तीनशे.

"तीनशे ग्रॅम बर्फ आत आहे," लादीआत्या म्हणाली. "आता उघडा."

नर्सने पट्टी कापली, झाकण उचललं. पांढरा धूर काठावरून ओघळला. बाटल्यांच्या मधोमध मुठीएवढा बर्फाचा तुकडा शिल्लक होता. नर्सने हातमोजा घालून एक बाटली उचलली आणि ओट्यावर आपटली. टक्. दुसरी. टक्. तिने एकेक करून सगळ्या आपटून पाहिल्या, एकही ओली नव्हती. मग तिने लादीआत्याकडे असं पाहिलं, की कारखान्यात रांगेत उभ्या राहिलेल्यांनीही तसं कधी पाहिलं नव्हतं.

"सगळं घेते," नर्स म्हणाली.

आणि मग, कोणाच्या बापाला न घाबरणारी लादीआत्या दूधखोलीतल्या स्टुलावर बसली आणि हमसून हमसून रडली. जावई शेजारी गुडघ्यांवर बसून तिचा हात चोळत राहिला. तो हात गारठलेला होता.

फोन भाचीनेच उचलला. लादीआत्याने नाक पुसलं.

"तू विचारलं होतंस ना, किती लांब आहे. आता सांगते. दोन किलो दोनशे ग्रॅम बर्फ लागला. अडीच नेला होता. म्हणजे वाटेत वादळ धरूनही तीनशे ग्रॅम उरतो, इतकाच लांब आहे तो. ऐकलंस?"

"ऐकलं," भाची म्हणाली. "फार नाही गं."

"मग? दोन आठवड्यांनी तूच चालत येशील."

त्या दिवशी बाळाचं वजन दोन किलो नव्वद होतं. नळीने थेंब थेंब आईचं दूध सुरू झालं. पहिल्या दिवशी ते पोटात राहिलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी नर्सने बाळाला उचललं, त्याच काट्यावर ठेवलं, आणि लादीआत्या काचेला नाक लावून बघत राहिली. आकडा डुलला आणि थांबला. दोन किलो एकशे तीस.

एकतीस वर्षं ती काट्यापुढे उभी राहिली होती, आणि तिने ठेवलेली प्रत्येक वस्तू दर तासाला कमीच होत आली होती. तिने काचेवर टकटक केलं.

"परत एकदा ठेवता का?"

"काटा बरोबर आहे, आत्याबाई," नर्स आतून म्हणाली. "तुम्ही परवा तोलून दिलाय."

"काट्याचं नाही हो," लादीआत्या म्हणाली. "मला परत बघायचंय."